दुखणे खरे, निदान अनिश्चित

(कोडोली, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



वारणेच्या खोऱ्यातील कोडोली हे ऊस आणि सहकार यांच्या बळावर पुढे आलेले गाव आहे. दवाखाना येथे दूर नाही. तरीही अशा गावांत महिनोन् महिने ‘अंगात त्राण नाही, कंबर धरते, अंगावर पांढरे जाते’ असे सांगणाऱ्या स्त्रिया आढळतात. तपासण्या होतात, कागदावर दोष निघत नाही, आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून त्यांची बोळवण होते. घरची माणसे त्याला आळस म्हणतात. दुखणे मात्र जागच्या जागी राहते. आजचा विषय या न पटणाऱ्या दुखण्यांचा आहे.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरांपैकी ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा अवघ्या ८ होत्या. तात्पर्य असे, की ‘रोग नाही’ या उत्तराचा अर्थ पुष्कळदा ‘कोणी पाहिलेच नाही’ एवढाच असतो.

परंतु पाहिल्यानंतरही सर्व उलगडा होतोच असे नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. शंभरांतील बारा स्त्रियांनी सहा महिने वा त्याहून अधिक काळ टिकलेल्या थकव्याची तक्रार केली. या थकव्याचा संबंध रक्तक्षयाशी किंवा जननमार्गाच्या जंतुसंसर्गाशी आढळला नाही. तो आढळला उपासमारीशी, कर्जाशी, पतीच्या लैंगिक बळजबरीशी आणि मानसिक अस्वास्थ्याशी. यांत कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा पाहणीवरून ठरत नाही. मात्र दुखणे खोटे आहे असा अर्थ त्यातून मुळीच निघत नाही. केवळ लोहाच्या गोळ्या हातावर ठेवून या स्त्रियांचे समाधान होणार नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

अनिश्चितता लपविण्याची किंमत

‘नक्की सांगता येत नाही’ हे वाक्य उच्चारणे वैद्याला जड जाते आणि ऐकणे रुग्णाला. म्हणून दोघेही लवकरचा मार्ग शोधतात. एकीकडे सलाईन लावून घेतले जाते, दुसरीकडे शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. या घाईची किंमत बीड जिल्ह्याने दाखवून दिली. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीचा त्रास, ओझी उचलण्याचे काम, कामावरचा खाडा न परवडणे आणि कर्करोगाची भीती यांची सांगड पडली, की शस्त्रक्रिया हाच सोपा उपाय वाटू लागतो. कोल्हापूरच्या उसाच्या फडांतही मराठवाड्यातून टोळ्या येतात. त्यांच्या कोप्या गावाच्या शिवारातच पडतात. तेव्हा हा प्रश्न परक्या जिल्ह्याचा आहे असे म्हणता येणार नाही.

रुग्णाची बाजू कोण मांडणार?

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. आजाराची व उपचाराची माहिती मिळणे, आपली कागदपत्रे मिळणे आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हे त्यांतील हक्क होत. महाराष्ट्रातील शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ साली सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आवश्यक ठरले. सनद भिंतीवर लागली तरी ती वाचून दाखविणारा कोणी हवा. ते काम ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीचे आणि आशा कार्यकर्तीचे आहे. २००७ पासून राज्यातील पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत ग्रामस्थांनी आपले अनुभव अधिकाऱ्यांसमोर मांडले. असा रिवाज कोणत्याही गावाला पाडता येईल.

शिक्षकांनी मुलींना दुखण्याची नोंद ठेवण्यास शिकवावे: त्रास केव्हा सुरू झाला, कशाने वाढतो, कोणती औषधे झाली. अशी वही सोबत असली म्हणजे तपासणाऱ्याचेही काम सोपे होते. पंचायत सदस्यांनी हंगामात कोप्यांवर आरोग्य तपासणी होते की नाही, हे पाहावे. अधिकाऱ्यांनी तक्रारीच्या कागदावर ‘दोष नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी तक्रार पूर्ण ऐकून घेतली होती काय, हे विचारावे.

‘आज निदान होत नाही, परंतु तुमचे दुखणे खरे आहे, पंधरा दिवसांनी पुन्हा या,’ असे सांगणारा डॉक्टर अज्ञानी नसतो, प्रामाणिक असतो. असे उत्तर ऐकून घेण्याचा धीर रुग्णानेही बाळगावा आणि हमखास गुण येईल अशी ग्वाही देणाऱ्यापासून दूर राहावे. ज्या दुखण्याला अजून नाव मिळालेले नाही त्यालाही दवाखान्यात, घरात आणि ग्रामसभेत जागा मिळणे, हीच आरोग्यसेवेची खरी कसोटी होय.