इंजिन तेच, मेंदू निराळा

ट्रकचे इंजिन बदलताना मालक विचारतो, "नाव तेच, लिटर तेच; मग अडते कोठे?" अडते मेंदूत, कंट्रोल मॉड्यूलमध्ये. अमेरिकेतील डॉज रॅम घ्या. त्याचे कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन १९९८ सालाच्या मध्यावरच बदलले: आधी बारा व्हॉल्व्ह, यांत्रिक पंप; मग चोवीस व्हॉल्व्ह, इलेक्ट्रॉनिक पंप. म्हणजे नुसते साल सांगून भागत नाही! २००३ च्या मॉडेलला कॉमन रेल आली. जुना मेंदू पंपाला हुकूम सोडणारा. येथे प्रत्येक इंजेक्टरला स्वतंत्र हुकूम लागतो, तो त्याला देताच येत नाही. इंजिन, मेंदू, वायरिंग एकाच जातीचे हवे. (जात मी मानतो ती एवढ्यापुरतीच!) गाडी अडली की मजुरी कापतात कारागिराची. सौदा करण्यापूर्वी इंजिनावरची पाटी त्याला वाचू द्या, आणि त्या वाचण्याचीही मजुरी द्या.