रेषेतला शिकारी

पावसाळ्यात तेलगावच्या काळ्या रानातून चालत येणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. वाहाणांना चिखलाचे लोंदे, एकेक पाय उपसून टाकायचा, तोल सावरायला हात फाकलेले. फ्रान्सच्या ओनोरे दोमिएने (१८०८–१८७९) आपल्या व्यंगचित्रांतल्या शिकाऱ्यांना अशीच अवघडलेली शरीरं दिली. ‘ल शारिवारी’ या पत्रात ती चित्रं छापून येत. तंत्र होतं शिळाछापाचं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापलं, तेही शिळाछापावरच. दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं आणि दगड ओला करायचा. ओला भाग शाई घेत नाही, तेलकट रेघ घेते. त्यामुळे खडू कुठे दाबला नि कुठे हलका फिरवला, हे कागदावर जसंच्या तसं उतरतं. भिजून जड झालेला कोट आपल्याला जड वाटतो, तो याच दाबामुळे.

यातला विनोद चित्राखालच्या ओळींत आहे, असं कोणी म्हणेल. पण त्या ओळी बहुधा दुसरेच लिहीत. त्या हातानं झाका. वाकलेली पाठ नि डगमगते गुडघे तरीही हसवतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जीव घेण्याच्या खेळात हसण्यासारखं काय? इथे इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. १७८९ च्या क्रांतीपूर्वी शिकार हा सरदारांचा मान होता. क्रांतीनं तो मक्ता मोडला. पुढे पॅरिसचा दुकानदारही परवाना काढून, बंदूक खांद्यावर टाकून रानात निघाला. दोमिए हसतो ते या उसन्या रुबाबाला. रानाला आणि जनावराला त्या रुबाबाची काहीच किंमत नसते.

मग ही केवळ वर्तमानपत्री गंमत ठरते का? नाही. सैनिकांनी पॅरिसच्या एका घरात मारलेल्या सामान्य माणसांचं १८३४ चं चित्र याच हातानं दगडावर काढलं. तिथे शरीराचा भार शोक होतो, इथे हसू होतो. शरीराची जाण मात्र एकच. म्हणून व्यंगचित्र समोर आलं की आधी मजकूर वाचू नका. माणसाचा भार कोणत्या पायावर आहे, ते पाहा. चित्रकारानं माणूस किती जवळून पाहिला, हे तिथेच कळतं.