नाटक हेही शिक्षणच



होळीच्या दिवसांत आपल्या भागात सोंगाड्या पार्टीचा खेळ होतो. ढोल वाजला की लहानथोर गोळा होतात. रात्रभर हसतात. सकाळी मात्र आपण त्याच खेळ करणाऱ्याला रिकामटेकडा म्हणतो. आम्हीही म्हणत होतो. म्हणून आज एका नाटकवाल्याची हकिगत सांगतो.

त्यांचं नाव सतीश आळेकर. जन्म १९४९ सालचा, दिल्लीचा. वाढले पुण्यात. ते विज्ञान शिकले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी पुष्कळ वर्षे नोकरी केली. नोकरी सांभाळून त्यांनी नाटक केलं. १९७३ साली सोबत्यांबरोबर 'थिएटर अकॅडमी' ही नाटकाची संस्था उभी केली.

आळेकर नाटक लिहितात आणि बसवतातही. नाटक बसवणाऱ्याला दिग्दर्शक म्हणतात. कोणी कुठे उभं राहावं, शब्द कसा बोलावा, कधी गप्प राहावं, हे तो ठरवतो. पीक सर्वांना दिसतं. रात्री पाणी भरणारा दिसत नाही. तसं हे काम आहे.

१९७४ साली त्यांचं 'महानिर्वाण' हे नाटक आलं. त्यात भाऊराव नावाचा माणूस मरतो आणि स्वतःच कीर्तन करून आपल्या मरणाची गोष्ट सांगतो! जुन्या मसणवट्यातच मला जाळा, असा हट्ट धरतो. तो मसणवटा तर बंद झालेला. मुलाची पंचाईत होते. लोक हसतात, आणि हसता हसता विचारात पडतात. कीर्तन आपलं, देवळातलं. त्यातूनच त्यांनी नवं नाटक काढलं.

पुढे १९९६ साली ते पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले. तिथे गाणं, नाच आणि नाटक शिकवतात, पदवी देतात. २००९ सालापर्यंत त्यांनी ते केंद्र चालवलं आणि तरुणांना नाटक शिकवलं. २०१२ साली सरकारने त्यांना 'पद्मश्री' दिली.

आता आमची चूक सांगतो. आम्ही मास्तर असताना एक मुलगा फार छान नकला करी. आम्ही त्याला सर्वांसमोर बोललो, "सोंगं करून पोट भरणार आहेस का?" तो दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही. पुन्हा कधीच आला नाही. त्याच्यापाशी एकच गोष्ट होती, तिचीच आम्ही लाज वाटायला लावली. तिच्याच आधाराने त्याला वाचायला शिकवता आलं असतं. ते आम्हाला सुचलं नाही.

तो आज आपल्या साक्षरता वर्गात बसतो. केस पिकले आहेत. आम्ही त्याची माफी मागितली आहे.

मंडळी, तुम्हाला आता लिहिता येतं. म्हाताऱ्यांच्या तोंडची सोंगं, गाणी, गोष्टी वहीत उतरवून घ्या. माणूस गेला की तोंडचं जातं. लिहिलेलं मागे उरतं. आणि घरात पोर नकला करू लागलं, तर त्याला दटावू नका. त्याच्या हाती वही द्या.

आमचं बोलणं संपलं. रामराम.