कमी धोक्याचा काचबिंदू आणि त्याची राखण



मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे भावंडांसारखी वाटतात. पण स्वभावाने ही भावंडे नव्हेत. मोतीबिंदू काढला की गेलेली नजर बहुधा परत येते. काचबिंदूने नेलेली नजर परत येत नाही. डोळ्यातील पाण्याचा निचरा नीट झाला नाही म्हणजे दाब वाढतो आणि दहाबारा लाख तंतूंची डोळ्याची नस झिजू लागते. नजर कडेकडेने जाते, एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. रोग्याला पत्ताच नसतो. म्हणून या रोगात औषधाइतकेच महत्त्व नियमित पाहणीला आहे. ती कोणी करावयाची, याचा जो खल ब्रिटनमध्ये चालला आहे, तो आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

दाब वाढला म्हणजे काचबिंदू झालाच, असे नव्हे. अमेरिकेत 1636 माणसांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांचा दाब वाढलेला, पण नस शाबूत होती. 2002 साली निष्कर्ष आला: औषधावाचून ठेवलेल्यांपैकी शेकडा साडेनऊ जणांना पाच वर्षांत काचबिंदू झाला, औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा 4.4 जणांना. म्हणजे औषधावाचूनही शंभरांतले नव्वद जण पाच वर्षे सुखरूप राहिले! पण ते नव्वद कोणते, हे आधी कोण सांगणार? वय, दाब, बुबुळावरील पारदर्शक पडद्याची जाडी आणि नसेचे रूप यांवरून अंदाज बांधता येतो, इतकेच. पाहणी मात्र सर्वांचीच करावी लागते.

इंग्लंडमध्ये 2009 साली नवी मार्गदर्शिका निघाली आणि पाऱ्याच्या 21 मिलिमीटरांहून थोडा जास्त दाब दिसला तरी लोक रुग्णालयात धाडले जाऊ लागले. 2017 मध्ये ती मर्यादा 24 वर नेली. पण गर्दी व्हावयाची ती झालीच होती. शिवाय नव्या रोग्याला 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावा असा तिथला दंडक. जुन्याच्या फेरतपासणीला तसा दंडक नाही. मग मागे ढकलला जातो तो जुनाच. अशा विलंबापायी महिन्याला बावीसपर्यंत माणसांची दृष्टी कायमची अधू होते, असा तेथील नेत्रवैद्यांच्या पाहणीचा अंदाज होता. 2020 सालच्या एका सरकारी चौकशीत तर 34 वर्षांच्या एका बाईची हकीकत आहे. फेरतपासण्या तेरा महिने लांबल्या आणि तिची दृष्टी गेली. ही दृष्टी एकट्या रोगाने नेली, असे मला म्हणवत नाही.

स्कॉटलंडने यावर वेगळी वाट काढली. तेथे 2006 पासून डोळ्यांची तपासणी सर्वांना फुकट आहे, आणि ती गावातल्या चष्म्याच्या दुकानातील ऑप्टोमेट्रिस्ट करतो. 'चष्मेवाला' म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. यांतील काहींना काचबिंदूचे खास शिक्षण आणि औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळाला आहे. ज्यांचा रोग स्थिर आहे अशा कमी धोक्याच्या रोग्यांना रुग्णालय आता त्यांच्याकडे सोपवते. दाब मोजणे, दृष्टिक्षेत्र तपासणे, नसेचे छायाचित्र घेणे हे सारे गल्लीतच होते. बस पकडून, लेकाला रजा काढावयास लावून रुग्णालय गाठण्याचा व्याप वाचतो. आणि वेळ चुकवण्याची सबबही कमी होते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. 'कमी धोका' हा शिक्का आजचा असतो. उद्या तोच रोगी बिघडू शकतो. तो बिघडला हे त्या दुकानात कळेल काय? दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत रोग्याने दिव्याचा ठिपका दिसताच बटण दाबावयाचे असते. माणूस दमलेला असला, पेंगत असला, तरी आलेख वाईट येतो. एका वाईट आलेखावरून रोग वाढला म्हणणे चूक. तपासणी पुन्हा करून मागच्या आलेखांशी ताडून पाहिली पाहिजे. म्हणून रुग्णालयाने रोग्याच्या हाती नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही. त्याचे जुने आलेख, नसेची जुनी छायाचित्रे आणि दाबाचे सारे आकडे त्या दुकानात त्याच्या आधी पोचावे लागतात.