शिबिरात आम्ही काय बोललो

(पाड्यावरच्या सभेत तरुण कार्यकर्त्यांनी केलेलं बोलणं)



राब भाजायचे दिवस, घरात हात कमी, तरी तुम्ही आम्हाला चार दिवस शिबिराला धाडलं. म्हणून तिथं काय झालं त्याचा हिशोब द्यायला उभे आहोत.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाला उभं केलं. ज्याच्यासाठी तुझा जीव तुटतो ते बोल, आणि समोरच्याला पटलं पाहिजे, असं सांगितलं. एक जण दारूवर बोलला, एक आश्रमशाळेतल्या जेवणावर. एक जण रोजगार हमीवर चांगला बोलला. काम मागितलं की 15 दिवसांत मिळायला पाहिजे, पण मागणीची तारीख घातलेली पोच हातात नसली तर दिवस मोजणार कुठून? ते डोक्यात बसलं.

आम्ही वनहक्कावर बोललो. खरं सांगतो, बोललो कमी, ओरडलो जास्त. मुठी वळल्या, टाळ्याही पडल्या. मग मागं बसलेल्या, भाकऱ्या करणाऱ्या आजीनं विचारलं, "बाबा, माझ्याकडं दंडाची पावती नाय. माझा प्लॉट राहील का जाईल?"

आम्ही गप्प. कायदा 2006 चा, नियम 2008 चे, सगळं पाठ होतं. तरी गप्प.

आमच्यातलीच एक मुलगी उठली. आवाज बारीक, पाय कापत होते. तिनं बापाची दंडाची पावती पिशवीतून काढली. गार्डानं दंड घेतला, वर कोंबडा नेला, तेव्हा घरात रडारड झाली होती. आता तोच कागद सांगतो की ही माणसं 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून इथं कसतात. मग ती आजीकडं वळली. पावती नसली तरी दावा टाकता येतो. घातलेले बांध, झोपडी, सपाट केलेली जमीन हाही पुरावा. म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब हाही पुरावा. फक्त स्वतःच्या दाव्याला स्वतःचा चालत नाही. आणि एकाच पुराव्यावर भागत नाही, एकापेक्षा जास्त लावायचे.

आजी म्हणाली, "मग मी शेजारणीचं सांगते, ती माझं सांगल. लिहील कोण?"

त्या मुलीला टाळ्या पडल्या नाहीत. सगळे कागद शोधायला लागले.

पुढं ती म्हणाली, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो, कायद्यातच तसं आहे. तर आमच्यातला एक जण उठला. बाई उद्या सोडून गेली तर? तिनं विचारलं, राब डोक्यावरून कोण वाहतं? नाचणी कोण लावतं? तो बसला, पण त्याला अजून पटलेलं नाही. इथं समोरच बसलाय, म्हणून सांगतो. त्याच्या बायकोनंही आज बोलावं.

तर आज भाषण एवढंच. उद्या सकाळपासून आम्ही शाळेच्या ओट्यावर बसतो. पावती, रेशनकार्ड, जुनी नोटीस, पत्र्याच्या पेटीत जे असंल ते आणा. उंदरानं कुरतडलेलंही आणा. ज्यांच्याकडं कागद नाही त्यांनी आधी यावं. वरच्या पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना चालवत नाही, त्यांच्याकडं आम्हीच वही घेऊन जातो. त्यांना कोणाचा बांध कधी पडला ते ठाऊक आहे, आणि मागच्या पावसात त्यांच्यातला एक गेला.