पद्मिनी तापली की पाणी मागते

(धुळे येथील कार्यकर्ता मेळाव्यातील ‘स्त्रिया आणि मालमत्ता’ या सत्रात केलेले भाषण. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)



तुमच्यापैकी बहुतेक जणी आज एस.टी.ने आलात. १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालंय, तेव्हापासून आपल्या बैठकांची हजेरी वाढली. हे मी गमतीने सांगत नाही, आमच्या केंद्राच्या रजिस्टरमध्ये दिसतं. बाई घराबाहेर पडते की नाही, हे पुष्कळदा तिच्या हिमतीवर नाही, तिच्या हातातल्या वीस-तीस रुपयांवर ठरतं.

पण मी आज एस.टी.वर बोलणार नाही. मोटारीवर बोलणार आहे. जमीन, घर, दागिने यांवर सकाळपासून चर्चा झाली. गाडीचं नाव कुणी घेतलं नाही. साहजिक आहे. आपल्यातल्या किती जणींच्या नावावर साधी लुना तरी आहे? हात वर करू नका, मला उत्तर माहीत आहे.

आक्का आमच्या जळगावच्या समुपदेशन केंद्रात आल्या त्या मारहाणीची तक्रार घेऊन नाही. एक झेरॉक्स घेऊन आल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, नवरा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालेलं, एक मुलगी सासरी. झेरॉक्स होती आर.सी. बुकाची. १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी, जुन्या तीन अक्षरी नंबरची, सासऱ्यांनी घेतलेली आणि पुढे नवऱ्याच्या नावावर झालेली. मूळ पुस्तक दिरांनी ‘सांभाळायला’ नेलेलं. मुंबईचा एक गिऱ्हाईक येऊन गेला होता, जुन्या गाड्या जमवणारा. आक्कांना ते शेजारणीकडून कळलं. घरात कुणी सांगितलं नाही, कारण गाडीचा आणि बाईचा संबंध काय?

संबंध एवढाच होता की लग्न झाल्यापासून त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसत आल्या. पुढे नवरा आणि सासूबाई. सासूबाई नसतील तर दीर. दीर नसतील तर पुढची सीट मोकळी, त्यावर पिशव्या. “पिशव्या पुढे अन् मी मागे, ताई,” असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या आणि हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

आता कायद्याचं थोडं ऐका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. सगळ्यांना सारखा वाटा. भाऊ त्यात नाही. मोटार ही मालमत्ताच आहे. मुस्लिम बहिणींचा हिशेब वेगळा आहे, मुलं असतील तर विधवेला आठवा हिस्सा, पण वाटा तिलाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५० खाली गाडी वारसाच्या नावावर होते. मृत्यूनंतर तीस दिवसांत कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करायचा. तेराव्यापर्यंत बाई कोपऱ्यात बसलेली असते, तिला कोण हे सांगणार? तीन महिने कधी उलटले ते आक्कांना कळलंही नव्हतं. उशिरा अर्ज करता येतो, दंड भरावा लागतो. तो आम्ही भरला. २०२१ पासून आर.सी.वर वारस म्हणून नाव नोंदवून ठेवायचीही सोय झाली आहे. नवरा जिवंत असताना हे करून घेणं सोपं, पण तो विषय घरात काढायचा कसा, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

म्हणजे वारस तिघी. आक्का, मुलगी आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. मुलीने लगेच सही दिली. सासूबाई देतील असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. मी त्यांच्या खाटेजवळ बसून सगळं वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “गाडी तिला कशाला पाहिजे?” आक्का म्हणाल्या, “शिकायची आहे.” म्हातारी बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने अंगठा पुढे केला. का केला, ते मी विचारलं नाही. सासू म्हणजे खलनायिका असं आपण शिबिरांत सर्रास बोलून जातो, तेव्हा मला तो शाईचा अंगठा आठवतो.

कार्यालयातल्या बाबूने एकच प्रश्न तीनदा विचारला: “चालवणार कोण?” तेवढ्यात आक्कांचं शिकाऊ लायसन्स आलेलं होतं. त्यांनी ते काचेखालून आत सरकवलं.

आणखी एक सल्ला मिळाला होता. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ साली वेगळे नियम आले आहेत. नोंदणीची फी वीस हजार, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. मोठा मान असतो म्हणे. पण तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, मेळावा-प्रदर्शनापुरतीच. आक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे तिलाही घरात बसवायचं?” साधं हस्तांतर आणि नूतनीकरणच केलं.

तरीही मेळाव्याला जायचं त्यांच्या मनात होतं. गेल्या जानेवारीत मुंबईत जुन्या मोटारींचा एक मेळावा होता. दोन वर्षांपूर्वी यजमानांनी जायचं ठरवलं होतं, ते राहिलं. आम्ही चौघं निघालो. आक्का, मी, आमच्या केंद्राच्या शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या वहिनी, आणि आक्कांचा चौदा वर्षांचा भाचा. मला गाडी येते, पण पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर असतो, तो मला शेवटपर्यंत जमला नाही. तेव्हा सगळा भार आक्कांवर.

शनिवारी पहाटे चारला जळगाव सोडलं. एरंडोल, पारोळा ठीक गेलं. धुळं दहा-बारा किलोमीटर राहिलं असताना समोर लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा चढायला लागला. बाजूला घेतली. बॉनेट उघडलं तर फॅनचा पट्टा तुटलेला. हाच पट्टा पंखा आणि पाण्याचा पंप फिरवतो, तो गेला की इंजिन शिजतं.

साडेपाच वाजले होते. मिट्ट काळोख. मी तुम्हाला खरं सांगते, मी भ्यायले. रात्री-बेरात्री पोलीस स्टेशनला जाणारी मी, पण भ्यायले. गाडी बिघडल्याची भीती नव्हती, थांबल्याची होती. बाई चालत असली की कुठेतरी जात असते. उभी राहिली की तिला जाब द्यावा लागतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर असतो, हे मी बायकांना प्रशिक्षणात सांगते. त्या वेळी मला तो आठवलाच नाही!

एक मोटरसायकल थांबली, तिघं जण. पहिला प्रश्न: “संगे गडीमानूस नही का?” वहिनींनी भाच्याकडे बोट दाखवलं. पोरगं झोपेतून उठून जांभया देत होतं. तरी त्यांचं समाधान झालं! त्यातला एक भला होता, त्याने मोबाईलचा उजेड धरला आणि शेवटपर्यंत थांबला. हेही सांगितलं पाहिजे.

युक्ती वहिनींची. गिरणीचा पट्टा त्या पंधरा वर्षं स्वतः चढवतात. म्हणाल्या, “नाड्या काढा.” बॅगांतल्या परकरांच्या नाड्या. तीन नाड्यांची वेणी घातली, पुलीवरून ओढून गाठ मारली. पहिली गाठ सुटली. दुसरी शंभर पावलांत तुटली. तिसऱ्यांदा दुहेरी वेणी घातली, तेल पुसून घेतलं, आणि बैलगाडीच्या चालीने, दर दोन-तीन किलोमीटरला थांबत, इंजिन निववत, पाणी घालत आम्ही धुळ्यात पोचलो.

इथे मला बर्था बेंझची गोष्ट सांगायलाच हवी. जगातली पहिली मोटार म्हणून जिचं पेटंट १८८६ साली निघालं, ती कार्ल बेंझची. त्याच्या धंद्यात बर्थाने लग्नाआधीच आपल्या हुंड्याचे पैसे घातले होते. पेटंटवर नाव अर्थात त्याचं. गाडी विकली जाईना, तो बाहेर काढायला कचरे. ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे, नवऱ्याला न सांगता, पंधरा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांना घेऊन ती मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. शंभराहून थोडं जास्त किलोमीटर. म्हणजे साधारण जळगाव ते धुळे. तेलाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. तार उघडी पडली, तर मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून कातडं ठोकून घेतलं. इंधन संपलं ते वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. चढावर गाडी ढकलायची. संध्याकाळी पोचल्यावर नवऱ्याला तार. त्या रस्त्याला २००८ मध्ये तिच्या नावाचा स्मृतिमार्ग म्हणून मान्यता मिळाली. एकशे वीस वर्षांनी. मोज्याचा बंद काय आणि परकराची नाडी काय, बाईच्या अंगावरच्या कपड्यांत यंत्र चालवायचं सामान निघतं, हे मला त्या पहाटेपर्यंत ठाऊक नव्हतं.

धुळ्यात गॅरेज उघडेपर्यंत नऊ वाजले. त्याआधी दोन पेट्रोल पंपांवर बायकांच्या संडासाला कुलूप. चावी मालकाकडे, मालक घरी. मुंबईत २०११ पासून यासाठी मोहीम चालली. हायवेवरच्या बायकांसाठी आपण काय केलं?

मिस्त्री हुशार होता. पण काय बिघडलं, पट्टा किती ताणायचा, पाणी कधी पाहायचं, हे सगळं तो भाच्याला समजावून सांगत होता. विचारत होत्या आक्का, उत्तर मिळत होतं पोराला. शेवटी पोरगंच म्हणालं, “काका, मला नका सांगू, माझं गणितसुद्धा कच्चं आहे.” पैसे मात्र त्याने आक्कांकडेच मागितले.

पुढे लळिंग, मालेगाव सुरळीत. चांदवडच्या अलीकडे राहुड घाटात भर दुपारी इंजिन बंद. उन्हाने आणि चढाने पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली होती. या गाड्यांचा हा जुना खोडा. ओला फडका पंपावर ठेवून बसायचं. अर्धा तास बसलो. दशम्या खाल्ल्या, ठेच्यासह. आक्का तिथे पहिल्यांदा नवऱ्याबद्दल मोकळं बोलल्या. चांगलंही, वाईटही. ते मी इथे सांगणार नाही.

रात्र नाशिकला काढली. रविवारी कसारा घाट उतरून मेळाव्याच्या मैदानात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. मिरवणूक सकाळीच निघून गेली होती. आमच्या जागेवर पाटी तेवढी उभी होती आणि तिच्यावर ‘मालक’ म्हणून यजमानांचं नाव. अर्ज जुन्या आर.सी.वरून पुतण्याने भरला होता. चूक कुणाची म्हणायची?

इतर गाड्या देखण्या होत्या. मालक बहुतेक पुरुष. जुन्या काळचा पोशाख घालून त्यांच्या बायका मागच्या सीटवर बसल्या होत्या, शोभेचा भाग म्हणून. लोक येऊन आमच्या भाच्याला स्टिअरिंगवर बसवून फोटो काढत होते. गाडीच्या नावाचं कौतुक चाललं होतं. पद्मिनी म्हणजे चितोडची राणी, जिला कथेने आगीत उडी घ्यायला लावली. गाडीला नाव द्यायला दुसरी राणी सापडली नाही का, असं मला नेहमी वाटतं. आमची पद्मिनी मात्र तापली की थांबते आणि पाणी मागते.

आक्कांनी पाटीकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव खोडलं नाही. माझ्याकडून पेन घेतलं आणि खाली आपलं लिहिलं, माहेरच्या आडनावासकट.

तोच मुंबईचा गिऱ्हाईक तिथे भेटला. या वेळी त्याने किंमत आक्कांना सांगितली. रक्कम मोठी होती. आणि आक्कांना पेन्शन नाही, मुलीचं बाळंतपण तोंडावर. मी मनात म्हणत होते, विकू नका. पण माझ्या मनाशी त्यांच्या पोटाचा काय संबंध? त्या म्हणाल्या, “विचार करून कळवते.” जळगावपर्यंत त्या विषयावर चकार शब्द काढला नाही.

अजून त्यांनी काही ठरवलेलं नाही. आज त्या इथे आल्या आहेत, मागच्या रांगेत बसल्या आहेत, गाडी बाहेर निंबाखाली आहे. कुणाला बघायची असेल तर जेवणाच्या सुट्टीत बघा, पण बॉनेटला हात लावू नका, गरम असेल. जेवणानंतर आपण नमुना ३१ प्रत्यक्ष भरून पाहणार आहोत. कोरे अर्ज दारातल्या टेबलावर आहेत, पन्नासच आहेत, तेव्हा गावागणिक एकच घ्या आणि बाकीच्या झेरॉक्स काढा.