तोरण्याच्या आडोशाला रेंज

6जीची चर्चा वेगाभोवतीच फिरते. भोर-वेल्ह्याच्या दऱ्यांना मात्र आधी मोबाइलची रेडिओ लहर पोहोचायला हवी. सुमारे 1400 मीटर उंचीचा तोरण्याचा डोंगर मध्ये आला, की पलीकडच्या वाडीत रेंज रोडावते. 700 मेगाहर्ट्‌झची लहर साधारण 43 सेंटीमीटर लांब, म्हणून डोंगराच्या धारेवरून थोडीफार वळते. 26 गिगाहर्ट्‌झची जेमतेम सेंटीमीटरभर, ती फारशी वळत नाही, शिवाय मुसळधार पावसात क्षीण होते. ‘मग उपग्रह आहेत की!’ असं कुणी म्हणेल. आहेत, पण त्यांनाही मोकळं आभाळ लागतं, आणि अरुंद दरीत तेच चिंचोळं. म्हणून सपाट शहरांवर बेतलेली गणितं इथे लावण्याआधी भर आषाढात, ओल्या झाडीत लहरी मोजायला हव्यात. टॉवर वाडीजवळ हवा की समोरच्या धारेवर, हे त्यावरच ठरेल.